दुष्काळांतलें धान्य आणि पायांचें बळ
(दुष्काळनिवारण समितीच्या पनवेल येथील सभेंत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुष्काळनिवारणाच्या सभेंत एका वकिलानें उभें राहून वनस्पतींच्या विषाविषयीं बोलावें, हें प्रथमदर्शनीं कांहींसें चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाचा आणि आपण ज्या कार्यासाठीं येथें जमलों आहों त्या कार्याचा संबंध फार निकटचा आहे. समितीपुढें आलेला प्रश्न अगदीं साधा होता: हातीं असलेल्या पैशांत अधिकांत अधिक कुटुंबांना अन्न कसें पोंचवावें? बाजारांत जी डाळ सर्वांत स्वस्त मिळेल तीच घ्यावी, म्हणजे तितक्याच रकमेंत अधिक पोटें भरतील, अशी एक सूचना पूर्ण सद्भावनेनें पुढें आली. त्या सूचनेचा विचार करतांना आम्हांस जें वाचावें लागलें व जाणत्यांकडून समजून घ्यावें लागलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. आम्ही वैद्य नव्हों कीं रसायनशास्त्रज्ञ नव्हों. पुरावा वाचणें व तोलणें हा आमचा धंदा. आणि या प्रकरणांतील पुरावा दोन हजार वर्षांहून जुना आहे.

आपल्या पनवेल तालुक्यांतील शेतकऱ्यास एक गोष्ट सांगावयास नको. भाताची कापणी झाली कीं खाचरांत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरावयाचा. त्याला निराळें पाणी नको, फारशी मशागत नको. आणि थंडी पडली कीं त्याच वालाच्या कोंवळ्या शेंगांची पोपटी लावावयाची. विदर्भाच्या पूर्वभागीं, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भातपिकाच्या जिल्ह्यांत हेंच काम दुसरें एक कडधान्य करतें. त्यास तिकडे लाख किंवा लाखोळी म्हणतात. हिंदी मुलखांत खेसारी व तिवडा हीं त्याचीं नांवें आहेत. भात शेतांत उभें असतांनाच, कापणीच्या थोडें आधीं, ओल्या चिखलांत हें बीं फोकून देतात. या पद्धतीस उतेरा असें नांव आहे. भात निघून जातें, आणि खालून लाखेचें निळ्या फुलांचें पीक आपोआप वर येतें.

हें पीक मोठें गुणी आहे. पाणी तुंबलें तरी तें तग धरतें, आणि पाणी आटलें तरीही तग धरतें. मुळांवरच्या गांठींच्या योगानें तें जमिनीस नत्र देतें. त्याच्या दाण्यांत स्नायू बांधणारें प्रथिन चौथ्या हिश्श्याहून अधिक असतें. कोंवळ्या पाल्याची भाजी होते, भुसा जनावरांस चालतो. दुष्काळाच्या दृष्टीनें पाहतां याहून सोयीचें धान्य शोधून सांपडणें कठीण. परंतु या गुणांतच संकटाचें मूळ आहे. बाकीचीं सगळीं पिकें बुडालीं म्हणजे शेतांत लाख एकटीच उरते, आणि गरिबाच्या ताटांतही ती एकटीच उरते. ती एकटीच उरली म्हणजे काय होतें, तें आतां सांगतों.

कित्येक आठवडे किंवा महिने मुख्य अन्न म्हणून लाख खाल्ल्यावर एखाद्या दिवशीं मनुष्य झोंपेंतून उठतो तों त्याच्या पिंढऱ्या ताठलेल्या असतात. कित्येकांस ओझें वाहतांना किंवा दिवसभर राबल्यावर पाय एकाएकीं जड झाल्याचें कळतें. चालतांना गुडघे वाकतात, टाचा भुईला टेंकत नाहींत, मनुष्य चवड्यांवर चालूं लागतो, आणि कात्रीच्या पात्यांप्रमाणें एक पाय दुसऱ्यापुढें आडवा पडतो. वैद्यकांत या रोगाच्या पायऱ्या काठीवरून मोजतात. पहिल्या पायरीवर काठी लागत नाहीं. दुसरीवर एक काठी, तिसरीवर दोन काठ्या लागतात. आणि चौथीवर मनुष्य हातांवर भार देऊन जमिनीवरून सरकतो. बुद्धि शाबूत राहते, वाचा शाबूत राहते, हात बहुधा चालतात, स्पर्शही कळतो. जातें तें केवळ पायांचें बळ. आणि तें एकदां गेलें कीं आजवरच्या कोणत्याही औषधानें परत आलेलें नाहीं. लाख खाणें थांबविलें तर रोग वाढावयाचा थांबतो, इतकेंच. हा रोग स्त्रियांपेक्षां पुरुषांस, आणि त्यांतही कर्त्या वयाच्या पुरुषांस अधिक होतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ज्याच्या मजुरीवर घर चालावयाचें त्याच्याच हातीं काठी येते, याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

आमच्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेंत वातव्याधींमध्यें कलायखंज या विकाराचें वर्णन आहे: चालावयास आरंभ करतांना रोगी कांपतो आणि लंगडत चालतो. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें भावप्रकाशांत त्रिपुट नांवाच्या कडधान्याचे गुणदोष सांगतांना तें लंगडेपणा व पांगळेपणा आणणारें आहे असें स्पष्ट नोंदविलें. तिकडे ग्रीस देशांत हिपोक्रेटिसाच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांतही, टंचाईच्या काळीं सतत कडधान्य खाणाऱ्या लोकांच्या पायांतील शक्ति गेल्याचा उल्लेख आहे. १८७३ सालीं नेपल्सच्या कांतानी या वैद्यानें या रोगास लॅथिरिझम हें आजचें नांव दिलें.

हिंदुस्थानांतील या रोगाचा एक जुना व सविस्तर वृत्तांत सागर प्रांतांतील आहे. हा प्रांत १८१८ पर्यंत मराठ्यांच्या अमलाखालीं होता. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत लिहिलें आहे कीं, १८२९ सालीं गारपिटीनें गहूं झोडपला, १८३० सालीं पावसानें दगा दिला, आणि १८३१ सालीं पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षें शेतांत तिवडा मात्र तरारला. लोकांनीं तो खाऊन दिवस काढले. आणि १८३३ सालीं त्या गांवांतील तरुण मंडळींचे कंबरेखालचे भाग लुळे पडूं लागले. दुष्काळानें ज्यांस मारलें नाहीं, त्यांस दुष्काळांतील अन्नानें पंगू केलें.

पुढें रीवा संस्थानांत हाच प्रकार दुष्काळावांचूनही चालू राहिला, कारण तेथें वेठबिगार मजुरांस मजुरीच मुळीं लाखेच्या किंवा लाखमिश्रित धान्याच्या रूपानें देण्याची चाल होती. ॲक्टन या डॉक्टरानें १९२२ सालीं तेथील रोगाविषयीं लिहिलें, स्वातंत्र्यानंतर डॉ. द्विवेदी यांनीं रीवा व सतना या जिल्ह्यांची पाहणी केली, तेव्हां तेथें हजारों रोगी आढळले. १९७६ सालीं वेठबिगारी कायद्यानें नष्ट करण्यांत आली. आमच्या मतें त्या कायद्याचा या रोगाशीं जितका संबंध आहे तितका कित्येक औषधांचा नसेल. कारण मजुरी रोख मिळूं लागली म्हणजे मजुरास दुसरें धान्य निवडतां येतें.

युरोप खंडही यांतून सुटला नाहीं. १८११-१२ सालीं माद्रिद शहरांत जो दुष्काळ पडला त्या वेळीं लोक याच दाण्याच्या पिठाची पेज पिऊन जगले. गोया या चित्रकारानें त्याचें चित्र कोरून ठेविलें आहे: भुकेले लोक पेजेभोंवतीं गोळा झालेले, आणि एक स्त्री भुईवर आडवी पडलेली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या अखेरीस, आजच्या युक्रेनमधील वाप्नियार्का येथील बंदिवासांत रुमानियांतून आणलेल्या यहुदी कैद्यांस रोज हेंच गुरांचें कडधान्य शिजवून देण्यांत आलें. कांहीं आठवड्यांतच शेंकडों कैद्यांचे पाय गेले. त्यांच्यांतच असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनीं कारण ओळखिलें आणि कैद्यांनीं तें अन्न नाकारलें. सागर, रीवा, माद्रिद, वाप्नियार्का या ठिकाणांत एकच गोष्ट समान होती: खाणारास निवड नव्हती.

आतां हें विष करतें तरी काय, तें पाहूं. १९६४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत राव, आडिगा व सर्मा यांनीं लाखेच्या बियांतून एक द्रव्य वेगळें काढलें. त्याचें रासायनिक नांव लांबलचक असल्यानें त्यास संक्षेपानें ओडॅप म्हणतात. हें द्रव्य प्रथिनांच्या घटकद्रव्यांच्या म्हणजे अमिनो आम्लांच्या जातीचें आहे. आणि त्याची ठेवण आपल्या मेंदूंत स्वभावतःच असणाऱ्या ग्लूटामेट नांवाच्या द्रव्याशीं जुळती आहे. सारा अनर्थ या साम्यांतून होतो.

मेंदूतील एका मज्जापेशीनें दुसरीस संदेश द्यावयाचा असला म्हणजे ती दोघींच्या मधल्या सूक्ष्म फटींत ग्लूटामेटचा थेंबभर अंश सोडते. पलीकडील पेशीच्या अंगावर त्या द्रव्यास ओळखणारीं ग्राहकस्थानें असतात. ग्लूटामेट तेथें बसला कीं एक बारीक दार उघडतें, विद्युत्‌भार असलेले क्षारकण आंत शिरतात आणि पेशी उद्दीपित होते. काम होतांच ग्लूटामेट उचलून नेला जातो व दार मिटतें. हें सर्व सेकंदाच्या अत्यल्प अंशांत घडतें. ओडॅप त्याच ग्राहकस्थानीं जाऊन बसतो. आमच्या धंद्यांतील दाखला द्यावयाचा तर, धन्याच्या सहीशीं हुबेहूब जुळणारी बनावट सही घेऊन कोणी तिजोरीपाशीं यावें आणि पहारेकऱ्यानें दार उघडावें, तसें हें होतें. पुनःपुन्हा दार उघडत राहिल्यानें कॅल्शियमचे कण प्रमाणाबाहेर आंत शिरतात आणि पेशी अतिश्रमानें थकते. पेशींत शक्ति निर्माण करणाऱ्या ज्या तंतुकणिका, त्यांच्या कामांतही बिघाड होतो, असें विजयालक्ष्मी रवींद्रनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बंगळूर येथें उंदरांवर केलेल्या प्रयोगांत १९९८ सालीं दाखविलें. शक्ति संपली, कचरा सांचला, म्हणजे पेशी झिजते व अखेर मरते.

मग पायच कां जातात? मेंदूच्या पृष्ठभागापासून निघून पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंतून खालपर्यंत जाणारे जे चालक तंतू, त्यांत पायांकडे जाणारे सर्वांत लांब असतात. इतका लांब तंतू जिवंत ठेवण्यास पेशीस फार शक्ति लागते, म्हणून टंचाई आली कीं त्याच प्रथम पडतात, असें या विषयाचे अभ्यासक समजतात. वरून येणारा हा ताबा सुटला कीं खालचे स्नायू सैल न पडतां उलट ताठतात. म्हणूनच रोगी टाचा उचलून चालतो. १९८६ सालीं स्पेन्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वानरांना लाखेचा व या द्रव्याचा आहार देऊन पायांतील अशाच विकाराचीं लक्षणें उत्पन्न झाल्याचें प्रसिद्ध केलें. त्या सहकाऱ्यांत रीव्याचे द्विवेदीही होते. जनावरांत घोडा या विषास फार लवकर बळी पडतो. त्याचे मागचे पाय तर जातातच, पण स्वरयंत्राच्या स्नायूंस जाणारी मज्जाही निकामी होऊन पळतांना त्याच्या घशांतून घोरल्यासारखा आवाज येऊं लागतो.

येथें कोणीही विचारील कीं, भंडाऱ्याकडील लोक पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खात आले, मग ते सगळे पांगळे कां झाले नाहींत? हा प्रश्न रास्त आहे. आणि विषाविषयींचें खरें ज्ञान त्याच्या उत्तरांतच आहे. भाताबरोबर थोडी लाखेची डाळ खाणारास सहसा कांहीं होत नाहीं. अन्नाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लाख, आणि तीही दोन ते सहा महिने सतत पोटांत गेली, म्हणजे धोका उभा राहतो. लाखेंत गंधकयुक्त अमिनो आम्लें कमी असतात, आणि मज्जापेशींस स्वतःचें रक्षण करण्यास तींच लागतात. ज्वारी, तांदूळ, गहूं या धान्यांतून तीं मिळतात. म्हणजे ताटांत दुसरें धान्य असलें कीं विषाचा वांटा घटतो आणि विषाशीं झगडण्याचें बळ वाढतें. दुसरें धान्य गेलें कीं दोन्ही बाजूंनीं हानि. त्यांत भर अशी कीं, ओडॅपचें प्रमाण वाणावर व जमिनीवर अवलंबून असतें, आणि पाण्याचा ताण पडला म्हणजे तें दाण्यांत वाढतें असें आढळून आलें आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी वाटली. हें विष पाण्यांत विरघळतें. डाळ पुष्कळशा गरम पाण्यांत भिजवून, अगर उकळून, तें पाणी ओतून दिलें तर विषाचा बराच मोठा अंश निघून जातो. आपल्याकडेही कडू वाल भिजवून, मोड आणून, सोलूनच खातात. आणि आपल्या डोंगरांतील कातकरी बांधव कडू कंद कापून, उकळून, ओढ्याच्या पाण्यांत ठेवून मगच तोंडांत घालतात. गरिबाच्या स्वयंपाकघरांत ज्ञान नाहीं असें समजूं नये, ज्ञान आहे. परंतु डाळ भिजवून पाणी ओतून द्यावयास घरांत पाणी लागतें, उकळावयास सरपण लागतें, आणि थांबावयास पोटांत कालचा घांस असावा लागतो. ज्या गांवीं पिण्याच्या घागरीसाठीं बायका कोसभर चालतात, तेथें डाळीचें पाणी कोण ओतून देणार?

आफ्रिकेंत याचें दुसरें उदाहरण घडलें. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्या कसाव्याच्या कडू जातींत सायनाइड उत्पन्न करणारें द्रव्य असतें. कंद कित्येक दिवस भिजवून व उन्हांत वाळवून तें काढून टाकण्याची रीत तेथील स्त्रियांस पूर्वापार ठाऊक आहे. साबुदाणा तयार करतांनाही तें निघून जातें. १९८१ सालीं मोझांबिकच्या नांपुला प्रांतांत अवर्षण पडलें. भुकेमुळें ही प्रक्रिया उरकती घेतली गेली. आणि हजाराहून अधिक लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे व मुलांचे, पाय एकाएकीं ताठले. त्या रोगास कोंझो म्हणतात, आणि त्याचें लक्षण आपल्या कलायखंजासारखेंच आहे. विष निराळें, वनस्पति निराळी. पण अवर्षण तेंच, आणि पांगळेपणही तेंच.

गुरांविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण समिती धान्याबरोबर वैरणही पाठवीत आहे. पाऊस मध्येंच थांबला म्हणजे ज्वारीचें पीक गुडघ्याइतकें होऊन करपतें. भुकेलें जनावर त्यांत सोडलें तर कांहीं मिनिटांत धापा टाकून, थरथरून खालीं पडतें. शेतकरी त्यास किराळ लागली असें म्हणतात. कोंवळ्या, खुरटलेल्या व कापणीनंतर फुटलेल्या ज्वारींत जें द्रव्य असतें त्यापासून जनावराच्या पोटांत सायनाइड सुटतें. मग रक्तांत प्राणवायु असूनही पेशींस तो वापरतां येत नाहीं; आणि मेंदूस प्राणवायूची गरज सर्वांत मोठी असल्यानें तो प्रथम गांठला जातो. यावर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट या औषधांचा उपाय आहे, परंतु तो पशुवैद्याच्या हातून आणि ताबडतोब झाला पाहिजे. पक्व ज्वारीचा नीट वाळलेला कडबा व भाताचा पेंढा यांत हें भय नाहीं. म्हणून हिरवा, खुरटा चारा फुकट मिळाला तरी घेऊं नये, अशी आमची सूचना आहे.

आतां आमच्या प्रांताकडे, म्हणजे कायद्याकडे वळतों. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याखालील नियमांत १९६१ सालीं ४४-अ हा नियम घालून, राज्य सरकारनें जाहीर केलेल्या तारखेपासून त्या राज्यांत लाख, तिची डाळ, तिचें पीठ अगर तिचें मिश्रण विकण्यास मनाई करण्यांत आली. बहुतेक राज्यांनीं ही मनाई अंमलांत आणली. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आल्यावर २०११ च्या नियमांतही असेंच कलम ठेवण्यांत आलें. दुसऱ्या बाजूनें, नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनीं ही बंदी गरीब शेतकऱ्यावर अन्याय करणारी आहे असें म्हणून ती उठविण्यासाठीं दीर्घकाळ चळवळ केली. आणि शास्त्रज्ञांनीं रतन, प्रतीक, महातिवडा यांसारखे अल्पविषारी वाण तयार केले. या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य व्हावी. बंदीनें लाख नाहींशी झाली नाहीं. ती तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळींत आणि बेसनांत मिसळून लपली. अखंड लाखेचा दाणा पाचरीसारखा कोनदार असतो व तो ओळखूं येतो. डाळ भरडली म्हणजे ओळखणें कठीण, आणि पीठ झालें म्हणजे अशक्यप्राय. तसेंच २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानें गरिबास तांदूळ, गहूं व भरड धान्य यांचा हक्क दिला, ही मोठी गोष्ट झाली. परंतु त्या हक्कांत डाळ नाहीं. डाळीसाठीं त्याला बाजारांतच जावें लागतें, आणि दुष्काळांत बाजारांतली स्वस्तांत स्वस्त वस्तु हीच त्याची निवड ठरते.

दुष्काळांत अन्न किती द्यावें इतकेंच न पाहतां कोणतें द्यावें हेंही पाहिलें पाहिजे, हा वाद नवीन नाहीं. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसास एक पौंड धान्य मिळेल इतकीच ठेवावी असें ठरविलें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं त्यास विरोध करून सांगितलें कीं, धान्य अधिक हवें, आणि त्याबरोबर डाळ व भाजीही हवी. आपल्या इलाख्यांत मजुरांनीं त्या मजुरीवर काम करण्याचें नाकारलें आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू उचलून धरली. त्याच दुष्काळांत रयतेचे हाल पाहून ज्यांचें मन पेटलें ते वासुदेव बळवंत फडके याच पनवेल तालुक्यांतल्या शिरढोणचे. पुढें १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें लाखों हातांना काम दिलें, परदेशांतून आणलेला मिलो वाटला, सुकडी वाटली. मिलोच्या भाकरीस लोकांनीं नांवें ठेविलीं, पण त्या वर्षीं गांवोगांवचीं माणसें आपल्या पायांवर उभीं राहिलीं. त्यांतूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा जन्मास आला. सागरच्या तिवड्यांत आणि आपल्या सुकडींत जें अंतर आहे, तें दयेच्या प्रमाणाचें नसून व्यवस्थेचें आहे.

या सर्व विचारावरून आमचें मत असें झालें आहे: विष दाण्यांत असतें, पण त्यास धार येते ती ताटांत दुसरें कांहीं नसल्यानें. म्हणून विषावरील उपाय म्हणजे दुसरें धान्य, आणि तें वेळेवर. पाय गेल्यावर पाठविलेलें पोतें पाय परत देत नाहीं. स्वस्त डाळीची सूचना करणारे सद्गृहस्थ आमचें म्हणणें ऐकून आपली सूचना आपणहून मागें घेते झाले, आणि समितीनें पुढीलप्रमाणें ठरविलें आहे.

डाळ म्हणून भरडलेली डाळ वा बेसन विकत घ्यावयाचें नाहीं. तूर, हरभरा, मूग, मटकी, वाल हीं कडधान्यें अखंड स्वरूपांतच घ्यावयाचीं. प्रत्येक कुटुंबास जो शिधा जाईल त्यांत एक तृणधान्य व दोन निरनिराळीं कडधान्यें असावयाचीं, मग पोत्यांची संख्या थोडी कमी झाली तरी चालेल. शिध्याबरोबर तेल व गूळ असावयाचा. वैरण म्हणून वाळलेला कडबा व पेंढाच पाठवावयाचा. आणि ज्या गांवीं पिण्याच्या पाण्याचा टँकर जात नाहीं तेथें धान्याच्या आधीं पाण्याची तजवीज करावयाची, कारण पाण्यावांचून धान्य शिजत नाहीं आणि धुतलेंही जात नाहीं.

पनवेलकरांनो, आपलें गांव भाताच्या व्यापारावर वाढलें. आपल्या खाचरांत तांदूळ पिकतो, त्यामागून वाल पिकतो, आणि पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात. दुष्काळी भागास ज्या तीन वस्तूंची आज निकड आहे त्या तिन्ही आपल्या दारीं आहेत. ज्याच्या घरीं तांदूळ आहे त्यानें पायलीभर तांदूळ द्यावा; ज्याच्या घरीं वाल आहे त्यानें शेरभर वाल द्यावा; ज्याच्या खळ्यांत पेंढा आहे त्यानें एक भारा द्यावा. व्यापारी बंधूंनीं तूर व मूग खरेदीच्या भावानें समितीस द्यावे. नव्या पनवेलींत राहणाऱ्या नोकरदार मंडळींपाशीं शेत नसेल, त्यांनीं रोख रक्कम द्यावी. तिची पावती मिळेल, आणि पै-पैचा जमाखर्च तपासून छापला जाईल. डॉक्टर व पशुवैद्य यांनीं आठवड्यांतील एक दिवस द्यावा. ज्यांस यांतील कांहींच देणें शक्य नाहीं त्यांनीं धान्य निवडावयास यावें. पोत्यांतील कोनदार दाणे डोळ्यांनीं पाहून वेगळे काढणें हेंही एखाद्याचे पाय राखणें आहे.

दुष्काळांत दान देतांना आपण म्हणतों, कोणी उपाशी मरूं नये. आमची आपणांस प्रार्थना आहे कीं, या वर्षीं याहून थोडें अधिक इच्छावें. पाऊस पडेल त्या दिवशीं तिकडील शेतकरी आपल्या पायांनीं शेतांत जावा आणि नांगरामागें चालावा, इतकें अन्न व असें अन्न आपण त्याला पोंचवूं. धान्य व रक्कम सभेच्या दाराशीं बसलेल्या स्वयंसेवकांकडे आजच द्यावी, ही विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.